उन्हाळ्यातले पक्षी आणि एक सही

मे महिन्यात गळ्यात दुर्बीण अडकवून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या माणसाकडे लोक दोन प्रकारे बघतात. ज्यांना पक्ष्यांतलं काही कळत नाही ते समजतात, हा क्रिकेटच्या एखाद्या निवड समितीवरचा असावा, आणि आपल्या मुलाची बॅटिंग संपेपर्यंत माझ्याशी फार गोडीनं बोलतात. ज्यांना थोडंफार कळतं ते विचारतात, "आता कसले पक्षी बघता? सीझन तर संपला!"

सीझन म्हणजे ऑक्टोबर ते मार्च. त्या दिवसांत दादरच्या चौपाटीवर कुरव पक्ष्यांचे थवे पांढरे कागद भिरकावल्यासारखे पाण्यावर हेलकावत असतात. शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी उतरले की वर्तमानपत्रांत रंगीत छायाचित्रं येतात आणि रविवारी सकाळी तिथं माणसांचाही थवा जमतो. मार्च सरला की कुरव उत्तरेकडे निघून जातात, मेअखेरीपर्यंत रोहितांची गर्दीही ओसरते. मग दुर्बिणी कपाटात जातात आणि पक्षी संपले असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

खरं म्हणजे संपतात ते पाहुणे. पाहुणे गेल्यावर घरची माणसं कशी आपापल्या कामाला लागतात, तसं उन्हाळ्यात आपल्या पक्ष्यांचं होतं. जोड्या जमतात, जागांवरून भांडणं होतात, काड्या गोळा होतात, अंडी उबवली जातात. पाऊस येऊन किड्यांची सुगी सुरू होईल तेव्हा घरात खाणारी तोंडं तयार असावीत, असा हा हिशेब. तो बघायला तिकीट काढून कुठं जावं लागत नाही. मान वर करावी लागते, एवढंच. ती मी एकदा वेळेवर केली नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे.

पण आधी थोडं जागेविषयी. हे मैदान महापालिकेनं १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. सुमारे अठ्ठावीस एकरांच्या या मैदानानं सभा पाहिल्या, मेळावे पाहिले, शतकं आणि शून्यं पाहिली. त्या सगळ्याचा इतिहास लिहिला गेला आहे. मैदानाला वेढून उभ्या असलेल्या झाडांवर जे घडत आलं, त्याची दखल घेणारे थोडे. इथल्या पर्जन्यवृक्षांचं मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं. संध्याकाळ झाली की त्यांची पानं मिटतात, आणि एप्रिल-मेमध्ये गुलाबी झुबक्यांसारखी फुलं कट्ट्यावर पडतात. त्यांच्या जोडीला गुलमोहर आणि सोनमोहर. तिथून पश्चिमेला पाच मिनिटं चाललं की समुद्र. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला ओहोटीचा चिखल. दोन्हीकडची पाखरं एकाच फेरीत बघायला मिळावीत, अशी जागा मुंबईत फारशी नाही.

मी या भागातच वाढलो आणि तरीही साठ वर्षं मला यातलं काही दिसलं नाही. नोकरी बँकेत, लिहिणं रात्री. कादंबरीत 'दूरवर एक पक्षी ओरडला' असं वाक्य मी निदान दहा वेळा लिहिलं असेल, पण कुठला पक्षी, हे कधी सांगितलं नाही. सांगणार कुठून? २०२० साली, सगळं शहर बंद असताना मी निवृत्त झालो. निरोपसमारंभ नाही, हार नाही, चहा नाही. त्या शांततेत खिडकीतून आवाज येऊ लागले. ते आधीही येत होते. मीच आता रिकामा झालो होतो.

बँकेतल्या माणसाच्या हाती काहीही द्या, तो त्याची खतावणी करतो. मी एक जाड वही घेतली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, पक्षी, संख्या, शेरा. जो पक्षी ओळखता येत नाही तो 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकायचा आणि पुढं ओळख पटली की नोंद वळती करायची. पहिल्या वर्षी माझं सस्पेन्स खातं कुठल्याही ऑडिटरनं तत्काळ आक्षेप घ्यावा इतकं फुगलेलं होतं.

पुढं वाचताना कळलं की नोकरदार पक्षीवेड्यांची परंपरा या शहरात जुनीच आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे साताऱ्यात जन्मलेले साहेब कस्टम्स आणि मीठ खात्यात नोकरी करत आणि 'ईएचए' या आद्याक्षरांनी लिहीत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. १९०० च्या सुमारास त्यांचं 'द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक निघालं. नावातच सगळं आलं: मुंबईचे साधे, रोजचे पक्षी. आणि सलीम अली यांनी सुगरणीचा प्रसिद्ध अभ्यास केला तो हातात नोकरी नसताना, १९३० साली, किहीमला घराजवळच्या झाडावरची घरटी बघत. नर एक घरटं अर्धवट विणतो, मादीनं पसंत केलं की पुरं करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी तिथं बसून टिपलं. दाराशी जे आहे ते नीट बघितलं तर एवढं हाती लागतं.

* * *

माझी उन्हाळ्यातली फेरी चौपाटीवरून सुरू होते. तिचं वेळापत्रक मला कोळीवाड्यातल्या एका मावशींनी शिकवलं. अवस-पुनवेला मुंबईत भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे सकाळी सहा-सातला पाणी मागं. अष्टमीच्या सुमारास याच्या उलट. रोज भरती साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. "पंचांग बघून या, घड्याळ बघून येऊ नका," असं त्या म्हणाल्या, ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

अमावास्येच्या सकाळी पाणी मागं गेलं की वाळूपलीकडचे खडक उघडे पडतात. समोर वांद्रे-वरळीचा सागरी सेतू, पायाखाली प्लास्टिकची वरात, आणि त्या खडकांवर एखादा राखाडी-काळा समुद्रबगळा. हाच बगळा कधी पांढराशुभ्रही असतो. जात एक, रंग दोन. मी पहिली दोन वर्षं त्यांना निरनिराळी खाती उघडून दिली होती! त्याची मासे धरायची तऱ्हा बघण्यासारखी. इतर बगळे तपश्चर्या करतात. हा मात्र उथळ पाण्यात धावतो, पंख उघडतो, वळतो, नाचल्यासारखं करतो आणि गोंधळलेला मासा नेमका उचलतो.

त्याच्या शेजारी वंचक, म्हणजे आपली ढोकरी. वर्षभर मातकट, चिखलाशी एकरूप. एप्रिल-मे आला की त्याची पाठ गर्द तपकिरी-तांबडी होते आणि डोक्यामागं लांब तुरे फुटतात. गाईगुरांमागं हिंडणारा गायबगळा याच दिवसांत डोक्यामानेवर केशरी होतो. लग्नसराईचा हंगाम माणसांचा तसा यांचाही. फरक एवढाच की यांच्याकडं कपडे भाड्यानं आणावे लागत नाहीत.

हीच मंडळी पुढं पावसाच्या तोंडावर मोठ्या झाडांवर वसाहत करून घरटी बांधतात. ज्यांच्या मोटारी त्या झाडाखाली उभ्या असतात त्यांना हे लवकर कळतं.

ऊन चढलं की मी पार्ककडं वळतो. या दिवसांत तिथं मुख्य नाटक कावळा आणि कोकिळेचं. 'कुहू' करणारी कोकिळा नसते, कोकीळ असतो, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. नर काळा, डोळे लालभडक. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज किक्-किक्-किक् असा, कोणी पाठीमागं लागल्यासारखा. एका सकाळी मी कट्ट्यावर बसून सगळा प्रवेश पाहिला. नर घरट्याजवळ जाऊन ओरडू लागला. दोन्ही कावळे चिडून त्याच्या मागं गेले. मादी पानांतून खाली उतरली, आणि मी दुर्बीण नीट लावेपर्यंत काम आटोपून गेलीसुद्धा. काउंटरवर तिची सही जुळवायलाही वेळ मिळाला नसता. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यांच्या आधी फुटतं. कावळ्याला साधारण सोळा-सतरा दिवस लागतात, कोकिळेला तेरा-चौदा. पण काही परभृत पक्ष्यांची पिल्लं यजमानाची पिल्लं बाहेर ढकलून देतात तसं कोकिळेचं पिल्लू सहसा करत नाही. दोघंही बहुधा एकाच घरट्यात वाढतात, आणि कावळीण सगळ्यांच्या चोचीत सारखंच घालते.

माझ्या नातवानं विचारलं, "आजोबा, कावळ्याला कळत नाही का?" मी म्हटलं, "कळत असेलही. पण भुकेली चोच उघडली की त्याच्यानं राहवत नसेल."

कावळ्याविषयी आपण मोठे विचित्र वागतो. दहाव्याला पिंड ठेवून ज्याची हात जोडून वाट बघायची, ज्याच्या घरट्याच्या जागेवरून गावोगावी पावसाचा अंदाज बांधायचा, त्याच कावळ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. आपल्या माडीवरच्या कावळ्यांना अर्थात दोन्ही वेळा कोणी कळवलं नाही.

* * *

आता ती सही.

आमची इमारत चार मजल्यांची, जुनी. मागच्या बाजूला एक पर्जन्यवृक्ष आहे. इमारतीहून तो वयानं मोठा असावा. निवृत्त माणूस सापडला की सोसायट्या त्याला चिटणीस करतात, तसं मलाही केलं. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक फांद्यांच्या छाटणीचा अर्ज जातो. २०२२ च्या मे महिन्यात रखवालदारानं तो टाइप केलेला कागद आणून दिला. मागच्या बाजूची एक सुकी फांदी, खाली वाहनं, पलीकडं मुलांची खेळायची जागा. मी वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि सही केली. परवानगी रीतसर मिळाली. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाप्रमाणे जे व्हायला हवं ते सगळं झालं.

त्या आधीचे तीन महिने माझ्या वहीत जवळजवळ रोज एक नोंद आहे: 'तांबट. फक्त आवाज. मागच्या बाजूला.' चिमणीएवढा हा हिरवा पक्षी, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा. टुक... टुक... टुक... तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा आवाज, तोही भर दुपारी. आवाज काढताना तो मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळं नक्की कुठून येतो आहे ते उमगत नाही. मी खिडकीत उभा राहून दोन-चारदा शोधला, सापडला नाही, आणि शेरा लिहून मोकळा झालो. खाली उतरून झाडाभोवती एक फेरी मारायची, तेवढं राहिलं.

तांबट घरटं विणत नाही. मेलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात चोचीनं ढोली कोरतो, नर आणि मादी दोघं मिळून. आणि बहुतेकदा फांदीच्या खालच्या अंगानं कोरतो, म्हणजे पावसाचं पाणी आत जाऊ नये. आपल्या दृष्टीनं जी सुकी आणि धोकादायक फांदी, नेमकी तीच त्याची हक्काची जागा.

छाटणीवाले सकाळी दहाला आले. काम नेटकं केलं त्यांनी, दोर लावून, एकेक तुकडा खाली सोडत. तिसरा तुकडा जमिनीला टेकला तेव्हा त्यांच्यातल्या एका मुलानं हाक मारली, "साहेब, इकडं बघा." ओंडक्याच्या पोटाला रुपयाएवढं गोल, सुबक भोक होतं. आत तीन पिल्लं होती. दोन गेलेली होती. तिसऱ्याचं पोट हलत होतं. त्या मुलानं ते आपल्या गमछात धरलं आणि माझ्याकडं दिलं. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या काही स्वयंसेवकांना आम्ही फोन केला, ते तासाभरात येऊन घेऊन गेले. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, वाचलं नाही.

त्या दुपारी टुक-टुक ऐकू आलं नाही. तांबटाची जोडी तोडलेल्या जागेजवळच्या फांदीवर येऊन बसायची, उडायची, पुन्हा यायची. चोचीत फळ होतं. मला ते पहिल्यांदा दिसले ते असे, दुर्बिणीशिवाय.

मी कोणावर रागवायचं? छाटणीवाल्यांवर? त्यांना दाखवलेली फांदी त्यांनी तोडली. परवानगी देणाऱ्यांवर? त्यांच्यापुढं माझीच सही होती. आणि फांदी धोकादायक नव्हती असंही नाही. मुंबईत पहिल्या पावसात झाडं पडतात, फांद्या पडतात, माणसं जातात. पिठ्या ढेकणाच्या किडीनं या शहरातले कितीतरी पर्जन्यवृक्ष वाळून गेलेले आपण पाहिले आहेत. वाळलेली फांदी मुलांच्या डोक्यावर ठेवा, असं मी कुणाला सांगणार नाही.

मला बोचलं ते वेगळंच. माझी पहिली नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं वाटण्याचे ते दिवस. म्हशीसाठी कर्ज असलं की मी स्वतः गोठ्यात जात असे. म्हैस बघायची, कानातला बिल्ला बघायचा, त्यावरचा नंबर कागदाशी ताडायचा, आणि मगच सही. एकदा तर पावसात दोन डोंगर चढून गेलो आणि कळलं की म्हैस मामाच्या गावी गेली आहे. सही केली नाही, परत आलो. बँकेच्या चार पैशांसाठी मी जी पाहणी केली, ती माझ्या मागच्या अंगणातल्या झाडासाठी केली नाही. तेही गळ्यात दुर्बीण असताना, आणि वहीत तीन महिन्यांच्या नोंदी असताना. संरक्षित पक्ष्याची अंडी वा घरटं उद्ध्वस्त करणं ही कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. माझ्या हातात बंदूक नव्हती, बॉलपेन होतं.

* * *

त्यानंतर सोसायटीच्या सभेत मी एक ठराव मांडला. पहिल्यांदा थोडं हसू झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आता पाखरांचीही ना-हरकत आणायची का?" मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं." मग मी ती गोष्ट सांगितली. काकू काही बोलल्या नाहीत, पण हात वर करणाऱ्यांत त्या पहिल्या होत्या.

ठराव साधा आहे. छाटणीचा अर्ज मेमध्ये करायचा नाही, पाऊस संपल्यावर करायचा, आणि काम थंडीत उरकायचं. बगळ्यांच्या वसाहती तोवर रिकाम्या झालेल्या असतात, कावळ्यांची पिल्लं उडून गेलेली असतात. पण थंडी म्हणजे सगळी घरटी मोकळी, असंही नाही. घारी थंडीतच घरटी करतात, आणि पोपट फेब्रुवारीपासून ढोल्या धरून बसतात. निर्धोक महिना असा पंचांगात नाहीच. म्हणून ठरावाचं दुसरं कलम असं की अर्जापूर्वी आठ दिवस दोघांनी सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं त्या फांदीखाली उभं राहायचं. पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा येतो का, चोचीत काडी किंवा किडा घेऊन येतो का, फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक आहे का, बुंध्याशी ताजा भुसा पडला आहे का, हे बघायचं. यासाठी पक्ष्यांची नावं यावी लागत नाहीत. घरटं दिसलं आणि फांदी आज पडेल अशी नसेल, तर तिच्याखालची वाहनं हलवायची, मुलांना बाजूला खेळायला सांगायचं आणि थांबायचं. तांबटाची पिल्लं काही आठवड्यांत बाहेर पडतात. तेवढा वेळ कर्जदारालाही आपण देतोच. आणि फांदी खरोखरच आज पडेल अशी असेल तर ती काढावीच लागेल. पण निदान ढोली कुठं आहे ते करवतवाल्याला आधी सांगता येईल.

आणखी दोन सोसायट्यांनी तो ठराव मागून नेला. तिसरीनं घेतला नाही. असं सगळं एकदम बदलत नसतं.

मी अजूनही मेमध्ये पहाटे चौपाटीवर जातो. समुद्रबगळ्याचा नाच बघतो, वंचकाचा लग्नाचा कोट बघतो. महिनाअखेरीस कान आणखी एका आवाजाकडं लागलेले असतात. डोक्यावर तुरा, अंग काळं-पांढरं असा चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो. तो आला की माझ्या वहीतला उन्हाळा संपला.

तांबटाची ती २०२२ ची नोंद मी बंद केलेली नाही. पुढच्या वर्षी मागच्या बाजूनं पुन्हा टुक-टुक सुरू झालं. तीच जोडी की दुसरी, हे मला सांगता येणार नाही. दुपारची वेळ होती, ऊन मी म्हणत होतं. मी चपला घातल्या आणि खाली उतरलो.